संत मत्तयाची उजवी बाजू

"नुसतं मोजू नकोस, देल्फीना. वाजवून बघ."

नोकरीच्या पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला ऐकलेलं हे वाक्य. आवाज राजोन्येरे एर्मेते बिल्यार्दी यांचा. खालच्या पट्टीतला, किंचित नाकातला, पापकबुलीच्या जाळीपलीकडून यावा तसा. मी समोरची पावत्यांची चळत मोजत होते. पावत्या कशा वाजवतात हे मला ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाज वाटली, म्हणून एकेक पावती उचलून तिला टिचकी मारली. राजोन्येरेंनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुन्हा खाली बघितलं. अर्थ मला पुढे कळला. तोवर मी बऱ्याच गोष्टींना टिचक्या मारून बसले होते.

राजोन्येरे म्हणजे हिशेबनीस. पण आमच्याकडे तो नुसता धंदा नाही, तो माणसाला चिकटतो. डॉक्टर निवृत्त झाला की त्याला नावाने हाक मारतात. राजोन्येरे शवपेटीतसुद्धा राजोन्येरेच असतो. टीव्हीवरच्या विनोदी मालिकेत ज्याच्या पँटवर कॉफी सांडते तो राजोन्येरे. आमच्या बोर्गोलेंतो गावातल्या आया मुलीसाठी आधी नोटरी बघतात, तो हुकला तर औषधवाला, तोही हुकला तर जमिनीचा मोजणीदार, आणि मुलीचे दात फारच पुढे असतील तर राजोन्येरे. मी स्वतः राजोन्येरे असल्यामुळे आणि माझे दातही पुढे असल्यामुळे माझ्या आईने तो विषय लवकर सोडून दिला.

खरं तर आमच्या धंद्याचं कुळ मोठं आहे. व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची रीत पहिल्यांदा छापून काढली ती एका संन्याशाने, आणि त्याने बजावलं होतं की वहीच्या पहिल्या पानावर आधी क्रूस काढावा. मी अजून काढते. संगणकावर काढता येत नाही म्हणून पडद्याच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने काढलाय. पण कुळ मोठं असलं की भानगडीही मोठ्या. प्रभूच्या बारा शिष्यांत हिशेब कळणारा एकच होता, मत्तय; कफर्णहूमच्या जकातनाक्यावर उभा जन्म गेलेला. आणि पैशांची थैली कुणाकडे दिली, तर पुढे ज्याने प्रभूला पैशांसाठी विकलं त्या यहूदाकडे. मी श्रद्धाळू बाई आहे, वरच्या नेमणुकांबद्दल बोलणार नाही. पण आमच्या व्यवसायातली ती पहिली भानगड, एवढं म्हणते.

दुसरी मोठी भानगड बोर्गोलेंतोची. दुग्धसंघाच्या गोदामात छतापर्यंत फळ्या होत्या आणि फळ्यांवर चीजची चाकं, चाळीस-चाळीस किलोंची, सोनेरी, शांत. आमच्या खोऱ्यात बँका या चाकांवर कर्ज देतात, बाकीच्या जगात सोन्यावर देतात तसं. राजोन्येरे लेखापरीक्षक. ते दरवर्षी टोपी काढून त्या गोदामात शिरत आणि सगळी चाकं मोजत. मोजणीत चूक नव्हती, आजपर्यंत कुणाला सापडलेली नाही. फक्त मागच्या रांगांतली चाकं प्लॅस्टरची होती, वरून तेल चोळलेली. बँकेच्या एका साहेबाने थकून एका चाकावर काठी टेकवली आणि पांढरा भुगा पडला. व्यवस्थापक चर्चच्या गायनवृंदात पहिल्या रांगेत गाणारा गृहस्थ. तो तोवर ब्राझीलला पोचला होता. (आमच्या गावचा माणूस पळाला की ब्राझीललाच जातो. दुसरीकडे गेला असेल असं म्हणणं हा त्याचा अपमान समजतात.) संघ बुडाला. सभासदांनी गाई विकल्या. नेल्लो नावाच्या सभासदाने गाडीत चढणाऱ्या प्रत्येक गाईला नावाने निरोप दिला, असं सांगतात. त्याची बायको आर्जिया, आता विधवा, हिचं चीजचं दुकान चौकात आहे. आणि चौकाच्या पलीकडच्या बाजूला, दुकानाच्या अगदी समोर, पहिल्या मजल्यावर राजोन्येरेंची खिडकी.

कोर्टाने राजोन्येरेंना निर्दोष सोडलं. चौकाने सोडलं नाही. तेव्हापासून ते चौकातून चालले नाहीत. मागच्या दाराने, कालव्याच्या गल्लीने, कापुचिन साधूंच्या छोट्या चॅपेलमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जायचे आणि तसेच परत. समोरच्या खिडकीची झडप अर्धी मिटलेली. आर्जियाने त्यांचं नाव तोंडातून काढणं बंद केलं, आणि गावाने प्रत्येक हिशेबनिसाला "प्लॅस्टर" म्हणणं सुरू केलं. मी भाजी घ्यायला गेले तर अजूनही कुणीतरी सांगतं, "टोमॅटो नीट मोज रे, प्लॅस्टरबाई आल्यात."

या उन्हाळ्यात मी राजोन्येरेंना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. नव्वदी ओलांडलेला माणूस, डोळे गेलेले नाहीत पण थकलेले. सप्टेंबरातल्या धंद्यांच्या मिरवणुकीची बातमी होती. बोर्गोलेंतोत प्रत्येक धंदा आपापला संत खांद्यावर घेऊन निघतो: पाववाले, चांभार, शिकारी, दातवाल्यांचीसुद्धा एक संतीण आहे, हातात चिमटा घेतलेली. आमचा मत्तय त्या भानगडीच्या वर्षापासून निघालेला नाही.

"देल्फीना," ते म्हणाले, "एकदा आपला मत्तय या खिडकीखालून जाताना बघायचा होता. भर चौकातून. बाकी काही नाही."

"जाईल की," मी म्हणाले.

मी हळू बोलते, त्यामुळे माझं बोलणं लोकांना बऱ्याचदा ऐकू येत नाही. हे नेमकं आलं.

इथे माझ्या नेमांबद्दल सांगायला हवं, कारण पुढे त्यांनी घोळ घातला. पहाटे जपमाळ, बुधवारी गोड बंद, आणि दुपारच्या बाराची घंटा होईपर्यंत कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही. तिसरा नेम गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे ज्याला माझ्याशी वाद घालायचा असतो तो सकाळी अकराला येतो.

मिरवणूक समितीचा सचिव ग्वाल्तिएरो बरोब्बर अकराला आला. निवृत्त मोजणीदार, खिशात अजून जागा सपाट आहे का ते बघायची पाण्याची छोटी नळी ठेवतो आणि बारमध्ये बसला की टेबलावर ठेवून बघतो.

"देल्फीनाबाई, संत काढायला माझी ना नाही. पण संत आहे कुठे?"

"घंटाघराखालच्या खोलीत," मी म्हणाले.

"तो? तो तर यहूदा आहे."

मी त्याच्याबद्दल जे काही म्हणणार होते ते गिळलं आणि आम्ही बघायला गेलो. फादर फिरमीनो किल्ली घेऊन पुढे. खोलीत जुनी झुंबरं, मोडकी बाकं, आणि त्यांच्यामध्ये कोळिष्टकांच्या आड, झोपेत उभं राहावं तसा तो उभा होता. दाढी, लाल झगा, डाव्या हातात थैली, उजवा हात मनगटापासून गायब. मत्तयाजवळ असतो तो देवदूत नव्हता. पायाशी देवदूताची एक टाच तेवढी उरली होती. खिडकीतून येणारा उजेड त्याच्या गालावर पडला होता आणि तो कुठेतरी फार लांब बघत होता. मला वाटलं, हा माणूस आत्ताच टेबलावरून उठलाय. लहानपणापासून मला एक प्रश्न पडतो. प्रभूने "माझ्यामागे ये" म्हटलं आणि मत्तय उठून गेला, हे ठीक. पण त्या दिवसाचा गल्ला मग कुणी मिटवला? शुभवर्तमानात याची नोंद नाही. मूर्तीच्या चेहऱ्यावर मला तोच प्रश्न दिसला.

"नजर चुकवतोय बघा," ग्वाल्तिएरो म्हणाला. "यहूदाच. शेवटच्या भोजनाच्या देखाव्यातला असणार. थैली कुणाच्या हातात असते?"

"दोघांच्याही," फादर म्हणाले. "एकाची शिष्य होण्याआधीची, एकाची नंतरची."

आर्जियाबाईही आमच्यामागून आल्या होत्या. त्या चर्चमध्ये फुलं मांडतात, त्यामुळे त्यांना कुठेही शिरायची मुभा आहे. मी सवयीने मूर्तीच्या छातीवर टिचकी मारली. ढब्ब असा आवाज आला. कागदाच्या लगद्याची होती.

"हिशेबनिसांचा संत," आर्जियाबाई म्हणाल्या, "आतून पोकळ. यात शोधायचं काय?"

बारा वाजायचे होते. मी त्यांच्या फुलांचं कौतुक केलं.

धर्मप्रांताच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की आमच्याकडे ही मूर्ती "थैलीधारी शिष्य, अनोळखी" म्हणून आहे आणि अनोळखी व्यक्तीला मिरवणुकीत नेता येणार नाही. ओळख पटवून घ्यावी. मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "ओळखणारे कुणी जिवंत आहेत का?" मी म्हटलं, "मॅडम, तो पहिल्या शतकातला आहे." त्या म्हणाल्या, "मग गावातले दोन प्रतिष्ठित साक्षीदार चालतील."

प्रतिष्ठित साक्षीदारांच्या शोधात आठवडा गेला. औषधवाल्याने सांगितलं, तो मत्तय असेल तर त्याला गावात आणूच नका, मागच्या वेळी आणला तेव्हा गोदाम बुडालं. पाववाला म्हणाला, यहूदा म्हणूनच काढा, निदान गर्दी होईल. माझी शेजारीण, जिला कुणी काही विचारलं नव्हतं, तिने सुचवलं की हातात थैलीऐवजी मासा द्यावा म्हणजे तो कोळ्यांचा पेत्र होईल आणि सगळेच सुटतील. शेवटी फादर फिरमीनोंनी मूर्ती उजेडात आणली आणि तिच्या पायांकडे बोट दाखवलं. बोटं काळी पडली होती. मेणबत्त्यांची काजळी, पिढ्यापिढ्यांची.

"यहूदापुढे कुणी मेणबत्ती लावत नाही," ते म्हणाले. "आणि लावल्या असतील तर तुमच्या आज्यांना जाऊन सांगायला मी तयार नाही." त्यांनी पत्रात लिहिलं: भाविकांच्या परंपरेनुसार संत मत्तय. खाली सही केली. कार्यालयाने हरकत घेतली नाही. मला वाटतं, अर्धा धर्म असाच टिकून आहे.

आता खांदे. पालखी जुनी, ओकच्या लाकडाची, चार पायांची. मूर्ती कागदाची असली तरी पालखी बैलाला वाकवेल अशी. आठ माणसं लागतात, चार डावीकडे, चार उजवीकडे. गावातले हिशेबनीस गोळा केले: पतपेढीतले तिघे, विमेवाला, करसल्लागार इव्हानो आणि मी. खांदे सारखे हवेत हे सगळ्यांना पटलं. आमच्या धंद्यात डावी बाजू आणि उजवी बाजू जुळली नाही तर झोप लागत नाही. म्हणून आम्ही सगळ्यांची वजनं करायचं ठरवलं.

एवढा मोठा काटा एकाच ठिकाणी होता. आर्जियाबाईंनी आम्हाला एकेक करून चीजच्या काट्यावर उभं केलं आणि वजन चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

"इव्हानो, अरे तू दोन वर्षं मुरलेला दिसतोस."

"आर्जियाबाई, हळू."

"हळू कशाला, खरं वजन आहे. तुमच्या लोकांत एवढं खरं बघायला मिळत नाही."

मी काट्यावर उभी राहिले तेव्हा त्यांनी वजन कागदावर लिहिलं. माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "हे सगळं त्यांच्यासाठी चाललंय ना?"

मी हो म्हणाले.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या, आणि काटा पुसायला लागल्या. इतक्या वर्षांत राजोन्येरेंचा उल्लेख करायची त्यांची ही पहिली वेळ. नाव नव्हतं, पण उल्लेख होता.

इव्हानो ज्या बाजूला जाईल ती बाजू जड होत होती. आम्ही माणसं इकडची तिकडे केली, पुन्हा केली, मोठ्या भक्तिभावाने केली. तरी दोन माणसं कमीच. ठराविक वजनाची, तगडी, मत्तयाला मानणारी. आणि मग पतपेढीतल्या एकाला सुचलं की मत्तय हा कर-पोलिसांचाही संत आहे.

कर-पोलिसांच्या चौकीत जमादार लगाना नावाचा दक्षिणेकडचा गृहस्थ असतो. बुटका पण रुंद, हळवा, आईच्या आठवणीने डोळ्यांत पाणी आणणारा. तो म्हणाला, "बाई, सहा वर्षं झाली या गावात. आजपर्यंत मला कुणी कशाला बोलावलं नव्हतं." तो आणि त्याचा एक शिपाई, दोघं उजवीकडे. बेरीज केली. डावी बाजू आणि उजवी बाजू किलोला किलो जुळली. आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून एकमेकांचे हात हातात घेतले. विमेवाल्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ग्वाल्तिएरो जवळच उभा होता, खिशात नळी. तो म्हणाला, "वा." एवढंच.

मिरवणुकीच्या सकाळी धुकं होतं. आमच्याकडचं धुकं खाली मैदानातून चढत येतं आणि रस्त्यात आडवं झोपतं. घरं वरच्या मजल्यापासून सुरू होतात. पुढचे संत एकामागून एक त्यात विरघळत गेले, पाववाल्यांचा, चांभारांचा, चिमटावाली संतीण. घंटा वाजत होती पण घंटाघर नव्हतं. आम्ही सगळ्यांत शेवटी. मत्तय आमच्या डोक्यावर तरंगत होता, थैली पुढे, लाल झग्याभोवती पांढरं पांढरं. मला एक क्षणभर वाटलं की आपण सगळे त्याच्या स्वप्नात चाललोय आणि तो जागा झाला तर आपण संपू.

उचलल्याबरोबर एक गोष्ट लक्षात आली. वजन जुळलं होतं, उंची कुणी बघितली नव्हती. डावीकडे पतपेढीतले तिघे, तिघेही सायप्रसच्या झाडासारखे उंच आणि वजनदार, आणि त्यांच्या रांगेत बारीकशी मी, जिचा खांदा पालखीला लागतच नव्हता. मी नुसता हात वर धरून चालले होते. उजवीकडे इव्हानो, विमेवाला, जमादार आणि शिपाई, रुंद आणि बुटके. संत मत्तय उजवीकडे कलला. पालखीचं सगळं ओझं उजवीकडे उतरायला लागलं.

"तिरका आहे," मी ग्वाल्तिएरोला म्हणाले. तो आमच्या बाजूने चालत होता.

"हो, दिसतंय."

"तुम्हाला आधी दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं. मला वाटलं, हिशेबात अशीच पद्धत असेल."

बाराला अजून वेळ होता.

आणि मग दुसरी गोष्ट झाली. धुक्यातून चौकाला आधी संत दिसला नाही. आधी दिसले दोन राखी गणवेश. कराची धाड पडली असं समजून पाववाल्याचं शटर खाली आलं. मग भाजीवाल्याचं. मग चपलांचं दुकान, मग फुलांचं, एकामागून एक, जणू कुणी भिंतीवरून काठी फिरवत चाललंय. बारवाला मात्र घाबरून उलट वागला. तो पावत्या द्यायला लागला. त्या दिवशी कॉफी प्यायलेल्यांना दिल्या, मग आदल्या आठवड्यात प्यायलेल्यांना दिल्या. न्हाव्याने अर्धी दाढी केलेल्या गिऱ्हाइकाच्या हातात पावती कोंबून त्याला रस्त्यावर आणलं. फुटपाथवर उभे असलेले भाविक दिसेनासे झाले. मोकळ्या चौकात, अगदी शांततेत, आम्ही आठजण आणि एक तिरका संत.

"यांना काय झालं?" जमादार लगाना धापा टाकत विचारत होता. "आम्ही काही केलं का? आज सुट्टी आहे आमची." त्याचा चेहरा पाहवत नव्हता. सहा वर्षांनी कुणी बोलावलं होतं.

नेमकं राजोन्येरेंच्या खिडकीखाली विमेवाल्याचे गुडघे मुडपले. आम्ही पालखी खाली टेकवली, टेकवली म्हणजे आपटली, आणि उजवीकडचा मागचा पाय कटकन मोडला. मत्तय मागे झुकला. आता तो सरळ पहिल्या मजल्याकडे बघत होता, वर मान करून, उजवा हात नसलेला, थैली छातीशी. वरची झडप अर्धी मिटलेलीच होती. तिच्यामागे कुणी आहे की नाही ते कळत नव्हतं.

मी जप सुरू केला. सोडवणुकीसाठी नव्हे, नुसता तोंडाला आधार म्हणून. माझ्या मनात एकच होतं. त्यांनी मागितलं होतं की आपला संत चौकातून जाताना दिसावा, आणि मी त्यांना दाखवलं ते हे: बंद दुकानं, पांगलेली माणसं, लंगडा मत्तय. जे त्यांनी इतकी वर्षं झडपेआडून बघितलं तेच, आता संतासह.

चौकात एकच दुकान उघडं होतं. आर्जियाबाई दारात उभ्या होत्या, हात छातीवर बांधलेले.

"तुम्ही नाही बंद केलंत?" मी विचारलं.

"माझा हिशेब मीच ठेवते. मला कशाची भीती?" त्यांनी पालखीकडे बघितलं, मोडक्या पायाकडे बघितलं, मग जराशाने वर झडपेकडे. आणि आत गेल्या. आम्हाला वाटलं, संपलं. पण आतून काहीतरी गडगडत येण्याचा आवाज आला. आर्जियाबाई चीजचं एक अखंड चाक उभं करून दारातून ढकलत आणत होत्या. त्यांनी ते आडवं केलं, पायाने मोडक्या पायाखाली सरकवलं. पालखी सरळ झाली. ग्वाल्तिएरोने न राहवून नळी काढून वर ठेवली. बुडबुडा मधोमध उभा राहिला.

"वाजवून बघा हवं तर," आर्जियाबाई मोठ्याने म्हणाल्या. आमच्याकडे बघून नव्हे. जमादाराने आज्ञाधारकपणे वाकून चाकावर बोटाने ठोकलं. भरीव, खोल आवाज आला, बंद दारावर सभ्य माणसाने ठोकावं तसा.

वरची झडप उघडली. पूर्ण उघडली. राजोन्येरे उभे होते, कोट घातलेला, टाय नीट, सकाळपासून तयार होऊन बसले असावेत. त्यांनी आधी मत्तयाकडे बघितलं, मग खाली.

"आर्जियाबाई," ते म्हणाले.

"राजोन्येरे," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांनी तो शब्द त्यांच्या तोंडात आला होता. "हे चाक मी उसनं दिलंय. चर्चपर्यंत न्या, पालखी टेकवायला तिथेही लागेल. पण मला आज दिवस मावळायच्या आत परत हवं. आणि आणून द्यायचं ते तुम्ही. दुसऱ्या कुणी आणलं तर मी घेणार नाही. या पोरीनेही नाही." पोरगी म्हणजे मी.

"मी या वयात चाळीस किलो..."

"मला कारणं नकोत. कारणं मी कोर्टात ऐकली."

एक-दोन शटरं हातभर वर झाली होती, खालून चपला दिसत होत्या. राजोन्येरेंनी दोन्ही हात चौकटीवर ठेवले.

"आणतो," ते म्हणाले.

तेवढ्यात बाराची घंटा झाली. सगळे माझ्याकडे वळले. ग्वाल्तिएरो तर दोन पावलं मागे सरला. पण मला कुणाबद्दलच काही सुचेना. मी म्हटलं, "उंचीप्रमाणे उभे करा आम्हाला, मोजणीदारसाहेब." त्याने केलं, आणि हे मान्य करायला हवं की चांगलं केलं. जमादाराच्या जागी त्याने स्वतः खांदा दिला, आणि मत्तय सरळ निघाला. मागून जमादार लगाना चीजचं चाक ढकलत, एवढ्या मोठ्या माणसाला शोभणार नाही अशा हळुवारपणे, दगडी फरशीवरून. मिरवणुकीत गाव पुन्हा हळूहळू सामील झालं. बारवाला पावत्या परत मागत फिरत होता.

दुपारी सुताराने पालखीला लाकडी ठोकळा लावला आणि चाक मोकळं झालं. ते चर्चच्या दारात, सावलीत, भिंतीला टेकून उभं. तीन वाजले. चार वाजले. मी चौकावरच्या माझ्या खिडकीसमोर बसून जपमाळ ओढत होते आणि मणी मोजत नव्हते. राजोन्येरेंच्या घरात हालचाल नव्हती. सवयीने म्हणा, वयाने म्हणा, माणूस मागच्या दाराचा झाला की पुढचं दार घट्ट बसतं. जमादाराने येऊन विचारलं, "मी गुपचूप ठेवून येऊ का, बाई? कुणाचं लक्ष नसताना." मी नको म्हणाले. आर्जियाबाईंच्या दुकानात दिवा लागला होता आणि दार उघडंच होतं. त्या गिऱ्हाइकांना नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होत्या.

ऊन कलतं झालं. धुकं पुन्हा कालव्याकडून वर यायला लागलं. आणि राजोन्येरेंचं पुढचं दार, ज्याच्या कड्या गंजल्या असतील असं मला वाटत होतं, आतून तेल घातल्यासारखं नीट उघडलं. ते बाहेर आले. टोपी डोक्यावर, हातात खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्याची माल ओढायची छोटी हातगाडी. मी धावत खाली गेले.

"मी येते बरोबर."

"नको. तिने काय सांगितलं ऐकलंस ना?"

"निदान चाक गाडीवर चढवायला."

"तेवढं जमादार करील. सहा वर्षं त्याला कुणी काम सांगितलं नाही म्हणे." त्यांनी गाडीची मूठ घट्ट धरली, चौकाच्या त्या बाजूला, जिकडे चर्चचं दार धुक्यात अर्धं दिसत होतं, एकदा बघितलं. बारच्या बाहेर बसलेल्या माणसांनी माना वळवल्या. कुणीतरी कप बशीत ठेवला.

राजोन्येरेंनी टोपी सारखी केली आणि चौकाच्या मधून चालायला लागले.